सांधा दिसू द्यावा : जुन्या कापडांचे मिश्र माध्यमातील कोलाज कसे करावे

इरकल साडीचा पदर जिथे सुरू होतो, तिथे कापड एकच राहत नाही. बागलकोट जिल्ह्यातील इळकल गावावरून नाव मिळालेल्या या साडीच्या अंगाचे उभे धागे सुती असतात, तांबड्या पदराचे उभे धागे रेशमी असतात, आणि हे दोन वेगळे ताणे मागावरच फासात फास अडकवून एकमेकांना जोडले जातात. या जोडणीला विणकर टोपे तेनी म्हणतात. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला माग आणि यंत्रमाग यांचे आवाज नवे नसतात. तरीही आजीची जुनी इरकल उलटी करून तो जोड प्रथम निरखून पाहिला, तेव्हा दोन निराळ्या जातींचे धागे एकमेकांना धरून कसे राहतात हे मला खऱ्या अर्थाने कळले. कापडाच्या कोलाजविषयी या लेखात जे सांगायचे आहे, ते सगळे त्या जोडापासून निघाले आहे. दोन तुकडे जिथे भेटतात तो सांधा लपवण्यासाठी आपण फार कष्ट घेतो, आणि चित्र तिथेच निर्जीव होते. सांधा हीच या कलेतील रेषा आहे. तो नीट, मजबूत आणि दिसेल असा घालायला शिकावे.

मिश्र माध्यमातील कोलाज म्हणजे कापडाबरोबर कागद, रंग, सूत, क्वचित धातू किंवा लाकूड एकाच पृष्ठभागावर आणणे. १९१२ साली पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड आपल्या चित्रावर चिकटवले आणि चौकटीऐवजी चित्राभोवती दोर बसवला. चित्रकलेच्या इतिहासात या घटनेला मोठे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. परंतु जुनी लुगडी, धोतरे आणि सदरे एकावर एक अंथरून, धावदोरा घालून वाकळ शिवणाऱ्या आपल्याकडच्या बायका तुकड्यांची रचना त्याच्या कितीतरी आधीपासून करत आल्या आहेत. ज्या वस्तूला आपण वाकळ म्हणतो, तिलाच कन्नड बोलणाऱ्या शेजारणी कौदी म्हणतात, आणि दोघींच्या हातचा टाका एकच असतो. ज्याला हे काम शिकायचे आहे त्याने आधी घरातील एखादी जुनी वाकळ उन्हात धरून तासभर पाहावी.

कापड गोळा करणे आणि ओळखणे

पहिल्या कामासाठी दुकानातून नवे कापड आणू नये. नव्या कापडाला खळ असते, ते ताठ असते आणि त्याचा रंग सगळीकडे सारखा असतो. जुने कापड काखेत, गुडघ्यावर, घडीच्या रेघेवर वेगवेगळे विटलेले असते, आणि एकाच निळ्या रंगाच्या पाच छटा त्यात फुकट मिळतात. आपल्या भागात यासाठी पुष्कळ खजिना आहे : फाटलेल्या इरकलींचे काठ, बागलकोट जिल्ह्यातल्याच गुळेदगुड्डहून येणाऱ्या खणांचे चोळीतून उरलेले तुकडे, शहापुरी सुती पातळे, धोतराचे जुने पांढरे, धनगरी घोंगडीचा झिजलेला कोपरा, साखरेचे किंवा धान्याचे गोणपाट, आणि निपाणीकडे नातेवाईक असतील तर तंबाखू बांधण्याच्या बोंदऱ्याचा, म्हणजे जाड्याभरड्या कापडाचा, तपकिरी डाग पडलेला तुकडा.

कोणते कापड कापायचे आणि कोणते नाही, याचा निर्णय मात्र घाईने करू नये. धड असलेली इरकल कोलाजसाठी कधीही कापू नये. जी ठिकठिकाणी विरली आहे तिचाच काठ आणि पदर घ्यावा. कशिदा काढलेले कापड हाती आले, तर त्याला कात्री लावण्यापूर्वी ते उलटून पाहावे. धारवाडकडच्या कसुतीत गवंती आणि मुर्गी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, धाग्याला गाठ मारलेली नसते, आणि कापडाचे धागे मोजून गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन उभे केलेले असते. असा तुकडा मध्येच कापला तर दोरा उसवत जातो आणि एखाद्या बाईचे कित्येक दिवसांचे काम संपते. तो आहे तसा, आख्खाच्या आख्खा, रचनेत बसवावा. शिवाय घरातील ज्येष्ठ व्यक्तीला विचारल्याशिवाय कोणाचेही कापड घेऊ नये. मामींनी जपून ठेवलेले एक विटके पातळ मी न विचारता कापले होते. ते त्यांच्या बाळंतपणात आईने नेसवलेले होते हे मला नंतर समजले. त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही, पण त्यानंतर प्रत्येक तुकड्याची हकीकत विचारून ती वहीत लिहून ठेवण्याची सवय मी लावून घेतली. या सवयीचा उपयोग शेवटी येईल.

तंतू ओळखण्यासाठी कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरावेत आणि ताटलीवर पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख ठेवतो. रेशीम आणि लोकर यांना केस जळल्याचा वास येतो व राहिलेला काळा मणी बोटाने चुरगळतो. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची गोळी थंड झाल्यावर दगडासारखी घट्ट होते. हे कळणे इस्त्रीसाठी आवश्यक आहे, कारण सुती कापडाच्या उष्णतेवर पॉलिएस्टर चिकटून बसते. रंगकामासाठी तर त्याहून अधिक आवश्यक आहे, कारण घरगुती वनस्पतिरंग पॉलिएस्टरवर बसत नाहीत.

त्यानंतर रंग सुटतो का हे पाहावे. तुकडा ओला करून पांढऱ्या सुती कापडावर ठेवावा आणि वरून इस्त्री दाबावी. जुन्या तांबड्या पदराने पांढऱ्यावर गुलाबी छाप सोडली, तर तो पदर थंड पाण्यातून पाणी स्वच्छ येईपर्यंत काढावा, आणि तरीही रंग जात राहिला तर ओल्या खळीचे काम त्याच्याजवळ करूच नये. सर्व सुती कापडे आधी धुऊन, वाळवून, मगच मापाला कापावीत. न धुतलेले सुती कापड नंतर आटते आणि शेजारच्या तुकड्याला चुण्या पाडते.

पाया आणि रचना

पायासाठी धुतलेले मांजरपाट उत्तम. ६० × ९० सेंटिमीटरचे चित्र करायचे असेल तर मांजरपाट ७५ × १०५ सेंटिमीटरचे घ्यावे, म्हणजे चारही बाजूंना साडेसात सेंटिमीटर मोकळे राहते. टाके घालताना कापड थोडे आकसते आणि शेवटी काठ दुमडण्यासही ही जागा लागते. मांजरपाटाच्या खाली एखादे मऊ, विरलेले धोतर घालून दोन्ही कच्च्या दोऱ्याने जोडून घ्यावे. या दोन थरांमुळे टाक्याला धरायला काहीतरी मिळते आणि धावदोऱ्याच्या दोन ओळींमधला भाग वाकळीसारखा किंचित फुगतो.

बेळगावला यथार्थ रेखाटनाची मोठी परंपरा आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या चित्रमंदिर या कलाशाळेत हाताला शिस्त लागली आणि रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार तिथून पुढे गेले. म्हणून आपल्याकडचा विद्यार्थी कोलाज करायला बसला की प्रथम पेन्सिलीने पूर्ण चित्र काढतो आणि मग त्यातील प्रत्येक आकार कापडाने भरतो. रेखाटनाचा सराव अवश्य करावा, पण तो वेगळ्या वहीत करावा. पायाच्या कापडावर फक्त क्षितिजाची रेघ आणि मोठ्या वस्तुमानाच्या चार खुणा शिवणखडूने कराव्यात. बाकीचा आकार तुकड्याने ठरवावा. कापडाला स्वतःची दिशा असते : उभ्या धाग्याच्या दिशेने ते ताठ राहते, आडव्या धाग्याच्या दिशेने थोडे सैल पडते, आणि उरेब, म्हणजे धाग्याला तिरके, कापले तर वळणावर पाण्यासारखे वळते. नदी, रस्ता, झाडाची फांदी यांसाठी उरेब पट्टी काढावी आणि भिंत, दार, शेताचा बांध यांसाठी सरळ धाग्यात कापावे. पेन्सिलीच्या रेषेला ही गोष्ट ठाऊक नसते.

उदाहरणासाठी वडगावातील पावसाळी गल्लीचे एक चित्र घेऊ. कौलांसाठी इरकलीच्या पदराच्या आडव्या पट्ट्या घेतल्या, कारण त्यातील तांबड्यावरचे पांढरे दाते लांबून ओल्या कौलांच्या ओळींसारखे दिसतात. आभाळासाठी घोंगडीचा काळा-करडा तुकडा वरच्या तिसऱ्या भागात पूर्ण आडवा ठेवला. लोकरीचा जाडपणा चित्राबाहेर येतो आणि ढग खाली उतरल्यासारखा वाटतो. भिंतींना गोणपाट आले. गल्लीतील पाण्याला धोतराचे पांढरे, एकावर एक तीन पातळ थर, मधल्या थराखाली निळ्या पातळाची एक चिंधी. माणूस एकच काढला, तोही खणाच्या एका लहान त्रिकोणाने.

हा त्रिकोण मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ओटी भरताना खण त्रिकोणी घडी घालून ठेवतात, हे प्रत्येक मराठी घरात माहीत असते. खानापूरच्या पलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया ज्या गोधड्या शिवतात, त्यांच्या चारही कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी दुमड घालून शिवलेले तुकडे असतात. या त्रिकोणांना त्या स्त्रिया फुला म्हणतात, आणि त्याशिवाय गोधडी पूर्ण झाली असे त्या मानत नाहीत. त्यांची शिवण्याची रीतही शिकण्यासारखी आहे. जुन्या साडीच्या पायावर त्या काठापासून सुरुवात करतात, तुकडा ठेवत, कड दुमडत, धावदोरा घालत चारही बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे येतात. आधी आराखडा काढलेला नसतो. ओटीचा खण आणि सिद्दी बायकांचा फुला यांचा एकमेकांशी काही ऐतिहासिक संबंध आहे असे मी म्हणत नाही. दुमडलेल्या त्रिकोणात कापडाची जाडी, सावली आणि कडा तिन्ही एकदम मिळतात आणि हात ते आपोआप शोधून काढतो, एवढेच माझे निरीक्षण आहे. सपाट कापलेल्या त्रिकोणापेक्षा दुमडलेला त्रिकोण चित्रात नेहमी अधिक जिवंत दिसतो, म्हणून तो करून पाहावा.

रचना जमिनीवर अंथरून करावी, उभे राहून पाहावी, भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढावे आणि एक रात्र तशीच राहू द्यावी. सकाळी त्यातील एक तृतीयांश तुकडे काढून टाकता येतात, असा माझा अनुभव आहे. या बाबतीत प्रभाकर बरवे यांची चित्रे पाहावीत. १९६० च्या दशकात ते वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम करत होते, म्हणजे मागाची आणि नक्षीची भाषा त्यांना आतून माहीत होती. तरीही त्यांच्या नंतरच्या चित्रांत मोठ्या मोकळ्या अवकाशात एखादे पान, एखादे घड्याळ, एखादी सावली एवढेच असते, आणि ती मोकळी जागा रिकामी वाटत नाही. आपल्याजवळ चिंध्यांचे गाठोडे मोठे असले की सगळ्या वापरण्याचा मोह होतो. तो आवरावा, मांजरपाटाचाही थोडा भाग उघडा राहू द्यावा.

काळा रंग आणि कागद

चित्रात खरा काळा लागतो तेव्हा तो घरी करता येतो, आणि त्याचे दोन्ही मुख्य घटक, गूळ आणि लोखंड, आपल्या भागात सहज मिळतात. गंजलेले खिळे, पत्र्याचे तुकडे किंवा ओतशाळेतून आणलेला कीस असे अर्धा किलो लोखंड मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात घालावे, त्यात १०० ग्रॅम गूळ आणि दोन लिटर पाणी घालून वर फडके बांधावे. झाकण घट्ट लावू नये, कारण मिश्रण आंबते आणि वायू सुटतो. उन्हाळ्यात दहा ते पंधरा दिवसांत, थंडीत त्याहून उशिरा, आंबट वासाचे तपकिरी पाणी तयार होते. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे. १०० ग्रॅम कापडाला २० ग्रॅम हिरडापूड पुरते. या पिवळसर कापडावर लोखंडाचे पाणी ब्रशने लावले की हिरड्यातील तुरट द्रव्याशी लोखंडाचा संयोग होऊन डोळ्यांदेखत काळा रंग उमटतो. कलमकारीतील काळी रेघ याच तत्त्वावर काढतात. मात्र लोखंड सुती तंतूला हळूहळू ठिसूळ करते, म्हणून पाणी दाट करू नये, रंगवलेले कापड दोनतीन वेळा नीट धुवावे आणि आधीच विरलेल्या कापडावर हा प्रयोग टाळावा. कांद्याच्या सालींचा सोनेरी-तपकिरी आणि डाळिंबाच्या सालींचा पिवळा रंग तुरटी लावलेल्या सुती कापडावर चांगला बसतो. हळदीचा पिवळा मात्र उन्हात टिकत नाही. तो वापरू नये.

कागद हा आपल्या भागातील कोलाजचा फार समृद्ध भाग होऊ शकतो, कारण इथल्या घरात एकाच कपाटात मराठी लग्नपत्रिका, कन्नड पावती आणि पणजोबांच्या हातचा मोडी कागद सापडतो. मोडी कागद, जुनी पत्रे आणि जमिनीचे दस्तऐवज यांना कधीही कात्री लावू नये. त्यांची झेरॉक्स काढून ती वापरावी. बसची आणि दुकानातील यंत्रावरची पातळ गुळगुळीत तिकिटे व पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात. त्यांवरची अक्षरे काही महिन्यांत उडतात आणि इस्त्री लागली की पूर्ण कागद काळा पडतो, म्हणून त्यांचीही झेरॉक्सच घ्यावी. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडत जातो. तसा पडणे चित्राला मानवत असेल तरच तो घ्यावा.

झेरॉक्सची अक्षरे कापडावर उतरवायची असतील तर प्रत उलटी, म्हणजे आरशात दिसते तशी, काढून घ्यावी. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडावर ॲक्रिलिक मीडियमचा (ॲक्रिलिक रंगात मिसळायच्या बिनरंगी चिकट द्रव्याचा) सारखा थर द्यावा, त्यावर प्रत छापील बाजू खाली करून दाबावी, हवेचे फुगे काढावेत आणि पूर्ण एक दिवस वाळू द्यावी. मग ओल्या बोटाने मागचा कागद हळूहळू चोळून काढावा. शाई कापडावर राहते आणि अक्षर जिथे तुटते तिथे तुटू द्यावे. शाईफवाऱ्याच्या (इंकजेट) छपाईयंत्रावरची प्रत या कामाला चालत नाही, ती पाण्याने पसरते.

चिकटवणे थोडे, शिवणे पुष्कळ

माझे पहिले मोठे काम मी पूर्णपणे पांढऱ्या डिंकाने चिकटवले होते. एका दुकानदाराने ते प्लायवुडवर ठोकून काच लावून दिले. आषाढात काचेच्या आत वाफ धरली, गोणपाटावर काळी बुरशी आली आणि रेशमी पदराच्या भागात डिंकाचे पिवळे कडक डाग वर उमटले. कापड श्वास घेते आणि हवेतील ओलाव्याने ताणते-आकसते. डिंक त्याला हलू देत नाही. बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर जी ओल असते, ती पाहता हा धडा आपल्याकडे अधिकच खरा आहे. त्यानंतर मी चिकटवण्याचे काम तुकडा जागेवर धरून ठेवण्यापुरतेच ठेवले आणि खरे ओझे टाक्यावर दिले.

धरून ठेवण्यासाठी चिंचोक्याची खळ चांगली. घोंगडीला ताठपणा आणण्यासाठी विणकर हीच खळ देतात, त्यामुळे लोकर आणि जाड सूत तिला ओळखीचे असते. चिंचोके भाजून साल काढावी, रात्रभर भिजवावेत, गुळगुळीत वाटावेत आणि आठ-दहा पट पाण्यात मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवावेत. मग फडक्यातून गाळावे. ही खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करावी. कागदाला मैद्याची पातळ खळ पुरते. पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, परंतु ते विषारी आहे आणि कापडावर निळसर छटा सोडते, म्हणून घरात मुले असताना आणि कापडाच्या कामात ते टाळावे. खळ जितकी जास्त, तितकी कसर लागण्याची भीती जास्त. तुकड्याच्या मध्यभागी बोटभर ठिपका पुरे, कडेला लावू नये. पावसाळ्यात खळीचे काम करूच नये. ते दिवस टाके घालण्यासाठी ठेवावेत.

आता टाक्यांविषयी. धावदोरा हा मुख्य टाका. सुती दोरा दुहेरी घ्यावा, टाका ५ ते ६ मिलिमीटरचा आणि दोन ओळींतील अंतर एक ते दीड सेंटिमीटर ठेवावे. टाके मोजूनमापून सारखे येण्याची चिंता करू नये. हाताची लय सापडली की ते आपोआप समान होतात, आणि ती लय सापडायला साधारण पहिले चित्र जाते. तुकड्याची कड दुमडायची की उघडी ठेवायची हे आधी ठरवावे. खण आणि पातळ यांची कड अर्धा सेंटिमीटर आत दुमडून बारीक तुरपाई घालावी. गोणपाट दुमडले तर गाठोडे होते, म्हणून त्याची कड उघडी ठेवून दोन धागे काढून टाकावेत आणि आतल्या बाजूने बखिया घालावा. घोंगडी उसवत नाही, तिच्या कडेला मोठा काजटाका शोभतो. झेरॉक्सच्या कागदाला थेट सुई लावू नये. त्याच्यामागे पातळ मलमल चिकटवून, टाके लांब लांब घालावेत, नाहीतर भोकांची ओळ फाडरेघ होते.

दोऱ्याचा रंग तुकड्याशी जुळवू नये, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. काळ्या घोंगडीवर हळदी दोरा, पांढऱ्या धोतरावर तांबडा दोरा घातला की टाका दुरूनही वाचता येतो. इथे इटलीच्या आल्बेर्तो बुर्री यांच्या कामाचा विचार उपयोगी पडतो. ते मूळचे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून अमेरिकेतील टेक्सासच्या छावणीत असताना त्यांनी चित्रकलेला सुरुवात केली, आणि १९५० च्या दशकात जुन्या गोणपाटांचे तुकडे शिवून मोठी चित्रे केली. त्यांतील भोके, ठिगळे आणि जाड टाके पाहणाऱ्याला जखमेची आठवण देतात. आपल्याकडच्या ठिगळाचा स्वभाव वेगळा आहे. आईने शाळेच्या चड्डीला लावलेले ठिगळ जखम दाखवत नाही, सांभाळ दाखवते. एकच गोणपाट आणि एकच टाका, पण कोणत्या हेतूने घातला यावर चित्राचा अर्थ बदलतो. म्हणून मोठा टाका घालण्यापूर्वी आपण फाटलेले दाखवतो आहोत की जोडलेले, हे स्वतःशी ठरवावे.

घरकामातील कापड हे चित्राचे साहित्य होऊ शकते, हा आग्रह धरणाऱ्यांत अमेरिकन चित्रकार मिरियम शापिरो यांचे नाव महत्त्वाचे आहे. १९७० च्या दशकात त्यांनी रुमाल, एप्रन, लेस अशा वस्तू आपल्या चित्रांत आणल्या आणि मेलिसा मेयर यांच्यासह स्त्रियांच्या या कामासाठी फेमाज हा शब्द रूढ केला. अमेरिकेच्याच चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांचे उदाहरण मला त्याहून जवळचे वाटते. त्यांची आई विली पोझी कपडे शिवण्याच्या व्यवसायात होती, आणि १९८० साली मायलेकींनी मिळून रिंगगोल्ड यांची पहिली गोधडी केली. पुढे त्यांनी कापडावर रंगवलेले चित्र मध्ये, भोवती शिवलेल्या तुकड्यांची चौकट आणि कडेला हाताने लिहिलेली गोष्ट, अशी कथागोधड्यांची मालिकाच निर्माण केली. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आई, आत्या किंवा सासूबाई अजून वाकळ शिवू शकतात, त्यांनी पहिले काम त्यांच्याबरोबर करावे. टाका कुठे घ्यायचा यावर मतभेद होतील, आणि बहुतेक वेळा त्यांचे बरोबर असेल.

टांगणे, जपणे, नाव लिहिणे

रिंगगोल्ड यांच्याकडून एक व्यावहारिक गोष्टही घ्यावी. १९७२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात कापडी चौकटीतील तिबेटी थांगका, म्हणजे कापडावरची बौद्ध धार्मिक चित्रे, पाहिल्यावर त्यांनी आपल्या चित्रांना लाकडाऐवजी कापडाची चौकट देण्यास सुरुवात केली, म्हणजे चित्र गुंडाळून कुठेही नेता येते. कापडी कोलाजला हीच पद्धत योग्य. मागे सुती अस्तर लावावे, वरच्या काठावर अस्तराचीच आठ सेंटिमीटर रुंद नळी शिवावी आणि तिच्यातून गुळगुळीत घासलेली काठी घालून टांगावे. काच लावायचीच असेल तर काच आणि कापड यांच्यामध्ये बोटभर अंतर राहील अशी पट्टी आत बसवून घ्यावी. भिंत बाहेरच्या बाजूने पाऊस झेलणारी असेल, तर चित्र तिथे लावू नये.

घडी घालून ठेवू नये. घडीच्या रेघेवर रेशीम तुटते. रुंद नळकांड्यावर चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावे, म्हणजे टाके आत चुरगळत नाहीत, आणि वरून धुतलेले सुती कापड बांधावे. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की एकदा उलगडून सावलीत, वारा असेल तिथे दिवसभर टांगावे आणि मऊ ब्रशने मागूनपुढून झटकावे. थेट ऊन देऊ नये, वनस्पतिरंग आणि जुने रेशीम दोन्ही त्यात विटतात.

शेवटचे काम मागच्या अस्तरावर करायचे असते. एक पांढरी पट्टी घेऊन तिच्यावर पेन्सिलीने लिहावे आणि ते अक्षर दोन पदरी दोऱ्याने उलट्या टिपेने भरावे : चित्र कोणत्या साली, कोणत्या गावी केले, आणि कोणता तुकडा कोणाचा. वहीत जी हकीकत लिहून ठेवली होती ती इथे येते. पदर आजीचा, धोतर आजोबांचे, घोंगडी शेतावरच्या गड्याची, निळी चिंधी मामींच्या पातळाची. ज्या शेजारणीने कौदीतला तुकडा दिला असेल, तिचे नाव तिच्याकडूनच कन्नडमध्ये लिहून घ्यावे आणि ती अक्षरे जशीच्या तशी शिवावीत.